वास्तूचा नवा विनियोग आणि राष्ट्राची कबुली

राजवटी जातात, त्यांची फर्माने रद्दबातल होतात, त्यांची नाणी आटवली जातात आणि त्यांनी दिलेल्या पदव्यांचा चार पिढ्यांत विसर पडतो; परंतु त्यांनी उभारलेले वाडे, कचेऱ्या, छावण्या आणि तुरुंग मागे उरतात, आणि ज्या दिवशी त्यांच्या किल्ल्या नव्या कारभाऱ्यांच्या हाती येतात त्याच दिवसापासून या वास्तूंचे करायचे काय, हा प्रश्नही त्यांच्या पदरी पडतो. लेणी, देवालये, जलदुर्ग किंवा घाट यांच्या बाबतीत या प्रश्नाचे उत्तर सहसा अवघड नसते, कारण त्यांच्याविषयी समाजात आदराचे एकमत असते. जतन कसे करावे याविषयी तज्ज्ञांत मतभेद होतील, पण जतन करावे की नाही याविषयी फारसे होणार नाहीत. खरी कसोटी लागते ती ज्यांच्या भिंतींआड माणसे डांबली गेली, छळली गेली, फासावर चढवली गेली, आणि हे कोणी केले, कोणाच्या नावाने केले व ते न्याय्य होते काय, याविषयी राष्ट्राचे अद्यापि एकमत झालेले नाही, अशा वास्तूंच्या बाबतीत. प्रस्तुत ग्रंथाचा विषय तोच आहे, आणि तो वाचकांच्या हाती देण्यापूर्वी त्याची व्याप्ती, त्यातील अडचणी आणि त्यामागची माझी भूमिका थोड्या विस्ताराने सांगणे मला अगत्याचे वाटते.

अशा वास्तूची गत चार प्रकारची होऊ शकते. ती पाडून जागा मोकळी करता येते; ती तशीच मोडकळीस येऊ देता येते; तिच्यात नवे दफ्तर, नवी शाळा किंवा नवे गोदाम थाटून तिच्या पूर्वेतिहासाविषयी मौन पाळता येते; अथवा तिला नवे काम देऊन, ते काम करीत असतानाच, तिच्यात पूर्वी काय घडले हे येणाऱ्याजाणाऱ्यास स्पष्टपणे सांगण्याची तजवीज करता येते. पहिल्या तीन मार्गांना धैर्य लागत नाही. चौथ्याला लागते, आणि तेही दोन प्रकारचे. परक्याने आपल्यावर केलेल्या अन्यायाची जागा जतन करायला जे धैर्य लागते ते सोपे, किंबहुना अभिमानाच्या पोटी आपोआप येणारे असते; आपल्याच माणसांनी आपल्याच माणसांवर केलेल्या अन्यायाची जागा जतन करण्यास मात्र राष्ट्राला कबुलीजबाब द्यावा लागतो. या ग्रंथातील सर्व विवेचनाचा रोख या दुसऱ्या धैर्याकडे आहे.

ही प्रस्तावना मी येलहंक्यात बसून लिहीत आहे, आणि विषयाच्या दृष्टीने हे स्थळ अप्रस्तुत नाही. रेल्वेच्या चाकांचा कारखाना आणि वायुदलाचा तळ यांमुळे आज ओळखले जाणारे हे बंगळूरचे उत्तरेकडील उपनगर एके काळी बंगळूरहून मोठ्या इतमामाचे ठिकाण होते, कारण येथील नाडप्रभू केंपेगौडांनीच १५३७ च्या सुमारास बंगळूरचा मातीचा कोट घालून पेठा वसवल्या. त्यानंतर शंभर वर्षांनी, १६३८ मध्ये, विजापूरच्या आदिलशाहीच्या फौजा रणदुल्लाखानाच्या हाताखाली या मुलखात उतरल्या. त्या मोहिमेत शहाजीराजे होते, आणि पुढे बंगळूर त्यांच्या जहागिरीत आले. येथील त्यांच्या दरबाराचे वैभव जयराम पिंड्ये याने ‘राधामाधवविलासचंपू’त वर्णिले आणि इतिहासाचार्य राजवाड्यांनी तो ग्रंथ संपादून मराठी वाचकांपुढे ठेवला, तेव्हापासून शहाजीराजांचे बंगळूर हा आपल्या अभिमानाचा विषय झाला आहे, आणि तो अभिमान रास्त आहे. पण येलहंक्याच्या नाडप्रभूंच्या वंशजांना त्याच घटनेत आपले राजधानीचे शहर सोडून मागडीस जावे लागले, ही त्याच इतिहासाची दुसरी बाजू आहे, आणि येथे राहणाऱ्या मराठी माणसाला ती दृष्टीआड करता येत नाही. येलहंक्याहून उत्तरेस जाणाऱ्या रस्त्याने विमानतळाकडे गेले म्हणजे केंपेगौडांचा १०८ फुटी पुतळा दिसतो. २०२२ मध्ये अनावरण झालेला हा पुतळा धुळे जिल्ह्यातील गोंदूर गावी जन्मलेल्या राम सुतार या शिल्पकाराच्या हातून घडला आहे. पावणेचार शतकांपूर्वीच्या जेत्यांच्या मुलखातील कलावंताने जितांच्या पूर्वजाची मूर्ती घडवावी आणि त्यात कोणालाही काही वावगे वाटू नये, इतका तो जुना वाद आता निवला आहे. जो वाद अद्याप निवलेला नाही, त्याच्या वास्तूंकडे वळताना हा अनुभव ध्यानात ठेवावा, कारण वादग्रस्तता ही वास्तूच्या अंगची नसून काळाच्या आणि माणसांच्या नात्याची असते.

अशी एक वास्तू याच बंगळुरात आहे आणि या ग्रंथाचा विचार मुख्यतः तिच्यावरूनच सुचलेला आहे. शेषाद्री रस्त्यावर, शहराच्या ऐन मध्यभागी, सुमारे एकवीस एकरांच्या आवारात जुने मध्यवर्ती कारागृह होते. म्हैसूर संस्थानाचा कारभार १८३१ पासून १८८१ पर्यंत इंग्रज आयुक्तांच्या हाती होता. त्या अमलाच्या उत्तरार्धात हे कारागृह बांधले गेले. त्याची रचना त्या काळच्या युरोपीय दंडशास्त्राला धरून आहे. मध्यभागी टेहळणीचा गोल मनोरा, आणि चाकाच्या आऱ्यांप्रमाणे त्याच्यापासून चहूकडे निघालेल्या कैद्यांच्या लांबट बराकी, अशी ही योजना. जेरेमी बेंथम या इंग्रज तत्त्वज्ञाने अठराव्या शतकाच्या अखेरीस मांडलेल्या कल्पनेचा गाभा असा होता की, मनोऱ्यातील एक पहारेकरी सर्वांना पाहू शकावा, परंतु आपल्याकडे तो या क्षणी पाहत आहे की नाही हे कोणाही कैद्याला कळू नये. म्हणजे पहाऱ्याचा धाक पहारेकऱ्यावाचूनही चालू राहतो आणि माणूस स्वतःच स्वतःचा पहारेकरी बनतो. दगडाविटांच्या मांडणीतून माणसाच्या मनावर हुकूमत कशी गाजवता येते याचा इतका उघड नमुना दुसरा क्वचितच सापडेल.

या कारागृहाच्या इतिहासाचे थर निरनिराळ्या राजवटींचे आहेत, आणि कोणत्याही एका थराने दुसऱ्याला झाकता येणार नाही. १९४२ च्या चळवळीत शिकारीपूर तालुक्यातील ईसूर या खेड्याने आपण स्वतंत्र असल्याचे जाहीर केले; तेथे उसळलेल्या दंगलीत एक अमलदार आणि एक पोलीस उपनिरीक्षक यांचा बळी गेला, आणि त्या खटल्यात दोषी ठरलेल्या पाच जणांना मार्च १९४३ मध्ये याच कारागृहात फासावर चढवण्यात आले. ज्या सरकारने हा दंड दिला ते लंडनचे नव्हते. म्हैसूरच्या महाराजांचे, म्हणजे आपल्याच मातीतील राजाचे होते, आणि ज्यांचा बळी गेला ते दोन अधिकारीही याच मातीतले होते. त्या पाच जणांचे हौतात्म्य मानताना त्या दोघांच्या मृत्यूचा उल्लेख टाळला तर इतिहास गुळगुळीत होईल, पण खरा राहणार नाही.

त्यानंतर बत्तीस वर्षांनी, देश स्वतंत्र होऊन पाव शतक उलटल्यावर, या कारागृहाने असा काळ पाहिला की ज्याविषयी आजही घराघरात दोन मते असतात. २५ जून १९७५ च्या रात्री देशात अंतर्गत आणीबाणी पुकारली गेली, त्या वेळी संसदेच्या एका समितीच्या बैठकीसाठी अटलबिहारी वाजपेयी, लालकृष्ण अडवाणी, श्यामनंदन मिश्र आणि प्रा. मधु दंडवते हे बंगळुरात होते. दुसऱ्या दिवशी त्यांना ताब्यात घेऊन येथे आणण्यात आले. यांतील दंडवते हे आपले, राजापूर मतदारसंघातून निवडून आलेले, मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवणारे समाजवादी. ज्या माणसाने १९५५ च्या गोवा सत्याग्रहात पोर्तुगीज शिपायांचा मार खाल्ला होता, त्याला वीस वर्षांनी स्वदेशी सरकारच्या बंदोबस्तात डांबले जावे, आणि त्याच काळात त्यांच्या पत्नी प्रमिलाताई येरवड्याच्या कारागृहात असाव्यात, ही घटना कोणत्याही एका पक्षाच्या तक्रारीपेक्षा कितीतरी मोठी आहे. याच कारागृहात कन्नड रंगभूमी आणि चित्रपट यांतील अभिनेत्री स्नेहलता रेड्डी होत्या. दम्याने जर्जर झालेल्या या बाईंना मे १९७६ मध्ये अटक झाली, आठ महिन्यांनी, १५ जानेवारी १९७७ रोजी, त्यांची पॅरोलवर सुटका झाली आणि पाचच दिवसांनी, २० जानेवारीला, त्यांचे देहावसान झाले. त्यांनी कोठडीत लिहिलेली रोजनिशी पुढे प्रसिद्ध झाली.

शहर वाढत गेले, तुरुंग मध्यवस्तीत येऊन अडकला, आणि अखेर कैद्यांना परप्पन अग्रहार येथील नव्या कारागृहात हलवण्यात आले. शेषाद्री रस्त्यावरच्या त्या एकवीस एकरांची किंमत बाजारभावाने किती झाली असती याची कल्पना कोणालाही करता येईल, आणि ती जागा इमारतींसाठी विकली गेली असती तर फारशी ओरडही झाली नसती. तसे न करता तेथे सार्वजनिक उद्यान करण्याचे ठरले, त्यासाठी वास्तुशिल्पज्ञांची स्पर्धा घेतली गेली, ती सौमित्र घोष आणि निशा मॅथ्यू घोष यांच्या आराखड्याने जिंकली, आणि नोव्हेंबर २००८ मध्ये ‘फ्रीडम पार्क’ लोकांसाठी खुले झाले. या निर्णयाबद्दल बंगळूरच्या तत्कालीन कारभाऱ्यांचे ऋण मान्य केलेच पाहिजे.

त्या आराखड्यातील एक गोष्ट जवळून पाहण्याजोगी आहे. टेहळणीचा मनोरा पाडलेला नाही. त्याच्याभोवती आता पायवाटा आहेत, आणि सकाळी फिरायला येणारी वयस्क मंडळी ज्या रेषांवरून एके काळी पहारेकऱ्याची नजर फिरे त्याच रेषांवरून चालतात. काही बराकी छपरासह राखल्या आहेत, काहींच्या भिंतींच्या खुणा हिरवळीत उरल्या आहेत, आणि फाशीची जागाही पुसून टाकलेली नाही. मनोऱ्याशी उभे राहून चहूकडे पाहिले की एक गोष्ट शब्दांवाचून कळते: येथे उभा राहणारा सर्वांना पाहू शकत होता आणि आज ती जागा कोणासही मोकळी आहे. सत्तेच्या नजरेचे स्थान प्रजेच्या हाती देणे, हा कोणत्याही फलकावरील मजकुराहून अधिक बोलका विनियोग आहे, आणि त्यासाठी वास्तूच्या मूळ रचनेला धक्का लावावा लागलेला नाही.

दुसरी गोष्ट याहून धाडसाची. आवाराचा एक भाग निदर्शने आणि धरणी यांच्यासाठी मुक्रर करण्यात आला. जेथे मतभेदाबद्दल माणसे कोंडली गेली तेथेच मतभेद मांडण्याची मोकळीक द्यावी, ही कल्पना भारतातील अशा कोणत्याही वास्तूच्या बाबतीत मला इतकी स्पष्ट आढळलेली नाही. अंगणवाडी सेविका, गिरणी व कारखाना कामगार, शेतकरी, विद्यार्थी अशा नाना प्रकारच्या लोकांनी त्या जागेचा उपयोग केला आहे. परंतु २०२१ मध्ये निघालेल्या शासकीय आदेशाने बंगळूर शहरातील निदर्शने आणि मोर्चे या एका जागेपुरते मर्यादित केले, आणि वाहतुकीची कोंडी हे त्याचे कारण सांगितले गेले. वाहतुकीची अडचण खरी आहे, हे मी मान्य करतो. रुग्णवाहिका अडकून पडावी अशी कोणाचीच इच्छा नसते. तरीही जी जागा मोकळिकीची म्हणून दिली तीच मोकळिकीची सीमा ठरली, तर त्या जुन्या भिंतींना त्यांचे जुने काम पुन्हा सोपवल्यासारखे होते. वास्तूचा नवा विनियोग उद्घाटनाच्या दिवशी पूर्ण होत नाही. पुढच्या प्रत्येक हुकुमासरशी तो नव्याने ठरत असतो, हा या प्रकरणाचा मोठा धडा आहे.

आता आपल्या मराठी मुलखाकडे वळू. मुंबईतील डोंगरीच्या तुरुंगात १८८२ मध्ये टिळक आणि आगरकर यांनी कोल्हापूर प्रकरणातील अब्रुनुकसानीच्या खटल्यात शिक्षा भोगली, आणि आगरकरांनी त्या १०१ दिवसांचे वर्णन पुस्तकरूपाने लिहून ठेवले. त्या उमरखाडीच्या आवाराचा उपयोग पुढे मुलांच्या निरीक्षणगृहासाठी झाला. म्हणजे कैदेचे रूप बदलले, पण कुंपण राहिले, आणि त्या भिंतींशी दोन थोर संपादकांचे नाते आहे याची जाणीव शहराच्या रोजच्या व्यवहारात फारशी उरली नाही. येरवड्याची गोष्ट निराळी. तेथील कारागृह आजही चालू आहे; २०२१ पासून तेथे मर्यादित स्वरूपात पर्यटकांना प्रवेश देण्याचा उपक्रम राज्य शासनाने सुरू केला. २४ सप्टेंबर १९३२ रोजी याच कारागृहात पुणे करारावर सह्या झाल्या. एका बाजूला गांधीजींचे प्राणांतिक उपोषण आणि दुसऱ्या बाजूला डॉ. आंबेडकरांवर आलेले दडपण, या दोहोंच्या मध्ये झालेल्या त्या कराराविषयी महाराष्ट्रात आजतागायत एकवाक्यता नाही; तेव्हा ती जागा दाखवताना कोणती कैफियत ऐकवायची, हा प्रश्न दालनाच्या सजावटीचा नसून न्यायाचा आहे, आणि दोन्ही कैफियती ऐकवल्याशिवाय तो सुटणार नाही.

त्याच पुण्यातील आगाखान राजवाडा ही त्या मानाने भाग्यवान वास्तू म्हणावी लागेल. ऑगस्ट १९४२ पासून मे १९४४ पर्यंत तेथे गांधीजी स्थानबद्ध होते. महादेवभाई देसाई आणि कस्तुरबा यांनी तेथेच देह ठेवला. आणि १९६९ मध्ये आगाखानांनी हा राजवाडा भारतीय जनतेला अर्पण केला. येथे परक्या सरकारने अन्याय केला, पीडितांविषयी आदर सार्वत्रिक आहे आणि मालकाने स्वखुशीने वास्तू दिली. त्यामुळे स्मारक करणे सोपे गेले. अंदमानच्या सेल्युलर जेलला मात्र हे भाग्य लगेच लाभले नाही. १९०६ मध्ये पूर्ण झालेल्या, सात शाखांच्या आणि ६९३ कोठड्यांच्या त्या इमारतीत सावरकर बंधूंनी आपल्या आयुष्याची उमेदीची वर्षे काढली. पण स्वातंत्र्यानंतर तिच्या काही शाखा पाडल्या गेल्या, आवारात रुग्णालय उभे राहिले, आणि तेथे शिक्षा भोगून आलेल्या जुन्या राजबंद्यांनी विरोध केला म्हणूनच उरलेल्या तीन शाखा वाचल्या. ११ फेब्रुवारी १९७९ रोजी त्यांचे राष्ट्रीय स्मारक म्हणून लोकार्पण झाले. रुग्णालयाची गरज खोटी नव्हती. तरीही परकीय जुलमाच्या सर्वांत प्रसिद्ध खुणेलासुद्धा इतके झगडावे लागले, तर स्वकीयांच्या जुलमाच्या खुणांचे काय होत असेल, याचा अंदाज वाचकांनीच करावा.

गोमंतकातील आग्वादचे उदाहरण मला विशेष शिकवणारे वाटते. मांडवीच्या मुखाशी १६१२ मध्ये बांधलेल्या या किल्ल्यातील तुरुंगात पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या राजवटीने गोवा मुक्तिलढ्यातील सत्याग्रहींना डांबले. १९४६ मध्ये डॉ. लोहिया तेथे होते, सुधाताई जोशी तेथे होत्या, मोहन रानडे तेथून पुढे पोर्तुगालच्या तुरुंगात नेले गेले. मुक्तीनंतर अर्धशतकाहून अधिक काळ तो तुरुंग सामान्य कैद्यांसाठी चालू राहिला. २०१५ मध्ये कैदी कोलवाळला गेले, आणि १९ डिसेंबर २०२१ रोजी, मुक्तीच्या साठाव्या वर्षदिनी, तेथे संग्रहालय खुले झाले. याच कथेचा दुसरा तुकडा पोर्तुगालच्या किनाऱ्यावर आहे. गोव्याचे त्रिस्तांव द ब्रागांझा कुन्हा यांना १९४६ नंतर ज्या पेनिशच्या किल्ल्यात ठेवण्यात आले, तेथेच सालाझारने आपल्या देशातील विरोधकांनाही कोंडले होते. २०१६ मध्ये पोर्तुगाल सरकारने पर्यटनासाठी खाजगी उद्योगाकडे सोपवावयाच्या वास्तूंच्या यादीत हा किल्ला घातला, आणि जुन्या राजबंद्यांनी व नागरिकांनी इतका तीव्र विरोध केला की किल्ला यादीतून वगळावा लागला. आज तेथे प्रतिकार आणि स्वातंत्र्य यांचे राष्ट्रीय संग्रहालय आहे. ज्या राजवटीने गोव्याला छळले तिनेच पोर्तुगीज जनतेलाही छळले होते, ही गोष्ट आग्वाद आणि पेनिश शेजारी ठेवल्याशिवाय पुरती उमगत नाही.

स्वतःच्या अन्यायाची कबुली देण्यात कुचराई झाली म्हणजे काय होते, हे सोलमधील सोदेमुन कारागृहावरून दिसते. जपानी वर्चस्वाच्या काळात, १९०८ मध्ये सुरू झालेले हे कारागृह १९८७ पर्यंत चालू होते; नंतर तेथे स्वातंत्र्य उद्यान आणि इतिहास दालन झाले, आणि त्यातील मांडणीचा भर दीर्घकाळ जपानी जुलमावर राहिला. पण याच कारागृहात ९ एप्रिल १९७५ रोजी कोरियाच्या स्वतःच्या लष्करी राजवटीने आठ जणांना फाशी दिली, आणि पुढे न्यायालयाने त्या आठही जणांना निर्दोष ठरवले. याउलट जोहान्सबर्गमध्ये ‘ओल्ड फोर्ट’ तुरुंगाच्या टेकडीवर दक्षिण आफ्रिकेने आपले संविधान न्यायालय बांधले, जे २००४ मध्ये खुले झाले. या तुरुंगात १९०८ मध्ये गांधीजी होते, पुढे मंडेला होते. कच्च्या कैद्यांची जी इमारत पाडावी लागली तिच्या विटा न्यायालयाच्या भिंतीत वापरल्या, आणि तिचे जिने जागच्या जागी उभे ठेवले. न्यायमूर्ती ज्या भिंतींच्या सान्निध्यात नागरिकांच्या हक्कांचा निवाडा देतात, त्या भिंती हक्क हिरावून घेतले म्हणजे काय होते याची रोजची आठवण आहेत. जुन्या वास्तूचे दुःख आणि नव्या वास्तूचे काम यांत नाते जुळल्याचे याहून स्पष्ट उदाहरण मला ठाऊक नाही.

या सर्वांवर एक आक्षेप हमखास घेतला जातो आणि तो टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. देशात रुग्णालये अपुरी, शाळांना छपरे नाहीत, घरांची टंचाई. अशा स्थितीत शहराच्या मोक्याच्या जागा भूतकाळाच्या शोकासाठी का अडकवून ठेवाव्यात, असे विचारले जाते. हा प्रश्न रास्त आहे, आणि म्हणूनच प्रत्येक जुनी वास्तू संग्रहालय व्हावी असे या ग्रंथाचे म्हणणे नाही. संग्रहालये ओस पडतात. चालू वापरातली वास्तू टिकते, कारण तिच्या छपराची गळती कोणाच्या तरी डोक्यावर पडते आणि दुरुस्ती होते. शाळा व्हावी, वाचनालय व्हावे, न्यायालय व्हावे, उद्यान व्हावे. परंतु त्या नव्या कामाला आरंभ होण्यापूर्वी वास्तूचे मोजमाप, छायाचित्रे आणि हयात साक्षीदारांच्या जबान्या दफ्तरी जमा व्हाव्यात, वास्तूचा जो भाग सर्वांत वेदनादायक तो तरी रंगसफेदी न करता अखंड राखावा, तिच्या इतिहासाचे सर्व थर, सत्तेवर असलेल्या पक्षाला गैरसोयीचे असलेलेसुद्धा, तेथे वाचता यावेत, आणि प्रवेश सर्वांना असावा, एवढेच मागणे आहे. यांतील कोणत्याही गोष्टीला मोठा खर्च येत नाही. येतो तो मनाला.

कायद्याचा आधारही या कामी तोकडा आहे. १९५८ च्या प्राचीन वास्तूंच्या केंद्रीय कायद्याचे संरक्षण किमान शंभर वर्षे जुन्या वास्तूंनाच मिळू शकते; मुंबईने १९९५ मध्ये देशात प्रथमच वारसा इमारतींची नियमावली केली खरी, पण तीत सौंदर्य आणि वास्तुशैली यांना जे महत्त्व आहे ते यातनेच्या स्मृतीला मिळणे अवघड. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जेथे देशाने स्वतःशीच अन्याय केला, त्या साध्या, शैलीहीन, सरकारी इमारतींना कोणताच कायदा हात देत नाही. त्यातच स्मृती ही सत्तेच्या बदलाबरोबर बदलते. आणीबाणीतील मिसाबंद्यांना मानधन देण्याची योजना महाराष्ट्रात २०१८ मध्ये सुरू झाली, २०२० मध्ये बंद झाली आणि २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाली; या उलटसुलट हुकुमांत कोणाची बाजू बरोबर हे सांगण्याचे हे स्थळ नव्हे, पण राष्ट्राने त्या कालखंडाविषयी आपले मत अद्याप निश्चित केलेले नाही, हे यावरून उघड होते. मत निश्चित होईपर्यंत निदान पुरावा तरी नष्ट होऊ नये, यासाठी वास्तू टिकल्या पाहिजेत. भावी पिढ्या आपल्याहून अधिक निःपक्षपातीपणे न्याय देतील. त्यांच्यापुढे ठेवण्यासाठी आपण काही शिल्लक ठेवले तर.

या ग्रंथाच्या वाचकांकडे माझी एकच विनंती आहे. आणीबाणीत येरवडा, नाशिकरोड आणि इतर ठिकाणी स्थानबद्ध असलेली माणसे, संघाची असोत, समाजवादी असोत वा आणखी कोणत्या पक्षाची, आज वार्धक्याने थकली आहेत, आणि त्यांच्याबरोबरच त्यांच्यावर पहारा ठेवणारे, त्यांच्यासाठी स्वयंपाक करणारे, त्यांच्या फायली लिहिणारे कारकूनही. यांपैकी कोणी आपल्या घरात, गल्लीत किंवा गावात असेल तर त्यांच्याजवळ बसून कोणती कोठडी, कोणती खिडकी, कोणते आवार, हे नीट विचारून लिहून घ्यावे, आणि जमल्यास त्या जागेपाशी त्यांना नेऊन आणावे. उद्या त्या भिंतींचे काय करायचे हे ठरवण्याची पाळी नगरपालिकेवर किंवा शासनावर येईल, तेव्हा ही टिपणे हीच त्या वास्तूची सनद ठरेल. ती आज लिहिली गेली नाही तर पुढे कोणत्याही दफ्तरात सापडणार नाही.

येलहंका, बंगळूर